डेल हार्कोर्टची जोडीदारीण

इर्मा मावशीचं लग्न का झालं नाही, असं आमच्या गावात कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर मिळायचं: डेल हार्कोर्ट. हा डेल हार्कोर्ट आमच्या गावात कधी आला नव्हता. तो सिनेमात नाचायचा. काळा कोट, बुटांना पत्रा, आणि जिन्यावरून टकटक करत असा उतरायचा, की खाली आल्यावर दम दुसऱ्यांनाच लागायचा. त्या काळी सगळा देश त्याच्यावर लट्टू होता, पण बाकीचा देश सिनेमा संपला की घरी जायचा. मावशीला जाता येत नव्हतं. ओरियन थिएटरात टॉर्च दाखवून लोकांना जागेवर बसवायची तिची नोकरी होती. दिवसाला तीन खेळ, आठवड्याचे सहा दिवस. शाळा संपल्यावर मी तिथेच पॉपकॉर्न विकायला लागले, म्हणून मी हे सांगते. बाकीचे नुसते बोलतात.

लोक बसले, दिवे गेले की मावशी शेवटच्या रांगेमागे जायची. तिथे गालिचा संपून चार-पाच पावलं उघडी लाकडी जमीन होती. टॉर्च पट्ट्यात खोचायची, युनिफॉर्मची पितळी बटणं चाचपायची आणि समोर बघत नाचायला लागायची. डेलच्या मिठीत जी कुणी नटी असेल, तिचं पाऊल ते मावशीचं पाऊल. ती पडद्याच्या ज्या बाजूला हात टाकायची, मावशीही त्याच बाजूला हात टाकायची. ती दाराकडे गिरकी घ्यायची, की मावशीही दाराकडे. नट्या दर वर्षी बदलायच्या, मावशी तीच राहिली. शेवटच्या रांगेतली जोडपी तिथे सिनेमा बघायला बसलेली नसायची, त्यामुळे त्यांचा नाचाला विरोध नव्हता. एकदा कुणीतरी मॅनेजरकडे तक्रार केली, की मागे कोण धापा टाकतंय. मॅनेजरला वाटलं, तक्रार जोडप्यांची आहे.

मावशीची स्वतःची तक्रार वेगळी होती. ती नाचायची त्याच्या बरोब्बर वर प्रोजेक्टरची खोली होती, आणि ऐन नाचाच्या वेळी वरून धपधप आवाज यायचा. वर पावोल हुडाक बसायचा. बुटका, गोल, टकला माणूस. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले चार रीळ बदलण्याबद्दल. मावशी जिन्याच्या दारातून वर ओरडायची, "मिस्टर हुडाक, वर घोडा बांधलाय का?"

"मशीन हलतं, मिस बालाझ," वरून उत्तर यायचं.

"मशीन ठेक्यात हलत नाही. वर उंदीर झालेत, मोठे."

"असतील."

मावशीने खरोखरच त्या जिन्यात चीज लावून सापळा ठेवला. दुसऱ्या दिवशी सापळा रिकामा. हुडाक टोपी हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "चीज चांगलं होतं, मिस बालाझ. जरा खारट." त्यानंतर महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचा काही तोटा झाला नाही, कारण तोही बोलतच नव्हता. हुडाक आल्यापासून हे असं अठरा वर्षं चाललं.

रविवारी दुपारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये नाच असायचा. कारखान्याच्या भट्टीवरची माणसं अंघोळ करून, केसांना तेल लावून यायची. अकॉर्डियन, दोन फिडल आणि एक ढोल. मावशी दिसायला चांगली होती, आणि निळ्या फ्रॉकमध्ये तर फारच. पुरुष यायचे. मला चांगला आठवतो तो खाटीक मिकुलाश, कारण माझ्या आईने त्याच्यासाठी आधीच मनात मांडव घातला होता. दुकान स्वतःचं, दात स्वतःचे, दारू फक्त सणाला. तो मावशीसमोर आला, जरासा वाकला आणि डावा हात पुढे केला. जगातला प्रत्येक पुरुष नाचताना बाईचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतो. मावशीनेही हात पुढे केला. डावा. दोन हात एकमेकांना चुकवून निघून गेले. मग मिकुलाशने तिचा उजवा हात शोधला, तर तो आधीच त्याच्या खांद्यावर जाऊन बसला होता. तो पुढे सरकला, ती बाजूला. तो वळला, ती दुसरीकडे वळली. तिसऱ्या फेरीला तिची टाच त्याच्या अंगठ्यावर पडली.

"मिकुलाश, तू गाय धरतोस की बाई?" मावशी म्हणाली.

"गाय उभी तरी राहते," मिकुलाश म्हणाला आणि लंगडत बिअर घ्यायला गेला.

आई कपाळाला हात लावून बसली. "इर्मा, त्या तुझ्या डेलला तुझं नाव तरी माहीत आहे का गं?"

"नाचायला नाव लागत नाही, आना. पाय लागतात. ते या गावात कुणाला नाहीत."

गंमत म्हणजे गावाने हे मान्य केलं होतं. मावशीचा चेहराच इतका ठाम असायचा, की ज्याचा पाय चेंगरला तोच माफी मागायचा. लोक म्हणायचे, इर्माचं काय बाबा, ती हार्कोर्टच्या पद्धतीने नाचते, आपलं काम नाही ते. एकेक करून पुरुष यायचे थांबले. मावशी भिंतीशी बसून, नाक मुरडून, सगळ्यांची पावलं तपासायची. तेव्हा मला ती फार रुबाबदार वाटायची. ती एकटी पडली आहे, हे माझ्या लक्षात यायला मला स्वतःचं लग्न ठरावं लागलं.

आमच्याकडे लग्नात पहिला नाच नवरा-नवरीचा, दुसरा नवरीच्या धर्ममातेचा, म्हणजे बाप्तिस्म्याला तिला हातात धरणाऱ्या बाईचा. धर्ममाता नाचली की मग बाकीच्यांनी उठायचं. ती नाचली नाही तर हॉलभर कुजबुज होते, नवरीला कुणाचा तरी तळतळाट आहे म्हणून. माझी धर्ममाता इर्मा मावशी. तिच्यासोबत नाचायला माझ्या सासरच्यांनी नवऱ्याचा काका नेमला होता, आणि त्या बिचाऱ्याला संधिवात होता. आईने त्याचा अंगठा डोळ्यांपुढे आणला आणि शहरातून मिसेस ओडेल नावाची नाच शिकवणारी बाई दोन रविवारांसाठी बोलावली. शिकायचं होतं काकाने. मावशी त्याला चुका सांगायला आली होती.

मिसेस ओडेलने आम्हाला हॉलमध्ये ओळीने उभं केलं आणि स्वतः आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मावशी माझ्या कानात म्हणाली, "बाईला रीतच नाही. डेलने आजवर कुणाला पाठ दाखवली नाही." जोडीदाराला द्यायचा बाईचा हात म्हणून मिसेस ओडेलने उजवा हात वर केला. आम्ही सगळ्यांनी उजवा केला. मावशीने डावा. मिसेस ओडेलने वळून पाहिलं. मग ती मावशीसमोर तोंड करून उभी राहिली आणि तोच हात वर केला. आता मावशीचा हात बरोब्बर समोरासमोर आला.

"तुम्ही कुणाकडून शिकलात?" मिसेस ओडेलने विचारलं.

"डेल हार्कोर्टकडून," मावशी म्हणाली, जसा काही तो पलीकडच्या गल्लीत राहत होता.

"पडद्यावर पाहून?"

"सव्वीस वर्षं."

मिसेस ओडेल चांगली बाई होती. तिने आवाज खाली आणला. "मग तुम्ही आरशात शिकल्यासारखं शिकलात. ती नटी तुमच्याकडे तोंड करून असते ना? तिचा उजवा तुम्हाला डावीकडे दिसतो. तुमचं सगळं नीट आहे हो, अगदी सुरेख आहे. फक्त सगळं उलट आहे."

कुणी हसलं नाही. मिकुलाशने मात्र, जो उगाचच बघायला आला होता, आपल्या बुटाकडे पाहिलं. मावशीने आपले दोन्ही हात पुढे धरले, कुठला कुठला आहे ते विसरल्यासारखे, आणि मग कोट घेऊन निघाली. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "म्हणजे तो स्वतः आला असता, लुडा, तरी मी त्याच्या पायावरच पाय दिला असता." मी नाचणार नाही, असं तिने त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. आईने रडून पाहिलं, फादर ग्रेगरकडून निरोप पाठवून पाहिला. उपयोग झाला नाही.

ओरियनमध्येही ती नाचेना. दिवे गेले की शेवटच्या रांगेमागे खुर्चीवर बसायची, टॉर्च मांडीवर. पाच दिवसांनी हुडाकने मला वर बोलावलं. अठरा वर्षांत त्याने कुणाला बोलावल्याचं मी ऐकलं नव्हतं. खोलीत दोन मशीन, एक स्टूल, एक डबा, आणि पडदा दिसेल एवढी हातभर खिडकी. तिच्यासमोरच्या फळ्या तेवढ्याच ठिकाणी गुळगुळीत झाल्या होत्या.

"खाली काय झालंय?" त्याने विचारलं. "टाचा वाजत नाहीत."

मी सगळं सांगितलं. मिसेस ओडेल, आरसा, उजवं, डावं. तो ऐकत होता. मग त्याने आपले तेलकट हात वर केले आणि आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, रीळ संपत आलंय म्हणून बोटं मोजतोय.

"तुम्ही कधी हॉलवर का येत नाही?" मी विचारलं.

"एकदा गेलो होतो. मिसेस साबोच्या पायाचं नख गेलं." तो मशीनकडे वळला. "लग्न किती वाजता आहे?"

लग्न शनिवारी दुपारी झालं. कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या होलुबकीची पातेली आली, कोबीचा वास पार चर्चपर्यंत गेला. मी आणि माझा नवरा नाचलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग धर्ममातेची पाळी आली. सगळे मावशीकडे बघायला लागले. ती निळ्या फ्रॉकमध्ये भिंतीशी बसली होती आणि तिची मान खाली होती. नवऱ्याचा काका एक पाऊल पुढे आला आणि गुडघ्याला हात लावून थांबला. मला इतका राग आला, मावशीचा, डेल हार्कोर्टचा, सगळ्यांचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. माझ्या लग्नात ती अशी बसायला नको होती.

तेवढ्यात दारातून हुडाक आला. कोट कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत. तो सरळ हॉलच्या मधून चालत गेला, मावशीसमोर वाकला आणि हात पुढे केला.

"मिस्टर हुडाक, मला नाचता येत नाही," मावशी खालीच बघत म्हणाली. "गावाला विचारा. मी सगळं उलट शिकलेय."

"मलाही एवढंच येतं, मिस बालाझ. खिडकीतून दिसतं तसं."

मावशीने मान वर केली. त्याने उजवा हात पुढे केला होता. ती त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपला डावा हात त्यात ठेवला, आणि तो बसला.

अकॉर्डियनवाल्याने काय वाजवलं, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की तो वळला तिकडेच ती वळली. बुटका, गोल हुडाक आणि माझी उंच मावशी, तिची हनुवटी त्याच्या टकलावर. तो पाय टाकायचा, तिथून तिचा पाय आधीच निघालेला असायचा. एकदा त्याने तिला गिरकी दिली आणि मिकुलाश मोठ्याने म्हणाला, "च्यायला, हे खरंच येतं तिला." मग बाकीचे उठले, आणि घोटाळा झाला. सगळा हॉल एका बाजूने गोल फिरत होता आणि ही दोघं दुसऱ्या बाजूने. काका त्यांना धडकला, मिसेस साबोने आपले पाय उचलून खुर्चीखाली घेतले, फादर ग्रेगरने भिंतीला पाठ लावली. ती दोघं कुणालाच धडकली नाहीत. लोकच त्यांना धडकत होते.

मी रडत होते. नवरी होते, त्यामुळे कुणी कारण विचारलं नाही.

तीन गाण्यांनंतर मावशी माझ्याकडे आली. केस सुटलेले, गाल लाल, फ्रॉकच्या पाठीवर मशीनच्या तेलाचा पंजा. तो पंजाही डाव्या हाताचा होता. माझ्या ग्लासातलं पाणी तिने पिऊन टाकलं आणि कानाशी येऊन म्हणाली,

"लुडा, वर उंदीर नव्हते गं."