टोस्ट आणि घड्याळ

मला दुसऱ्याच्या कपात डोकावायची खोड आहे. शिरोली एमआयडीसीच्या फाट्यावर मी रोज सकाळी चहाला थांबतो. तिथं एक गृहस्थ यायचे. टोस्टाचा तुकडा चहात सोडायचे आणि तो मऊ होऊन तळाला बसेपर्यंत मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहायचे. महिनाभर दम धरला, शेवटी विचारलंच.

"समोरच्या औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत लॅबला हाय मी," ते मोठ्यानं म्हणाले. "काचंच्या भांड्यात, पोटात असतंय तेवढं कोमट पाणी घ्यायचं, गोळी सोडायची आणि किती मिनिटांत विरघळती ते बघायचं. वीस वर्षं झाली. डोळ्याला सवयच लागलीया की."

"म्हणजे गोळी चांगली का वाईट, ते तुम्ही ठरवता?"

"व्हय. पर पावणं, ती खाऊन माणूस बरा झाला का, ते आजवर मला कुणी सांगितलं न्हाय."

पेपर तपासणाऱ्यालाच निकाल कळू नये, ही कसली तऱ्हा!

त्याच आठवड्यात माझ्या आईला ताप भरला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर फाट्यासमोरच्या त्याच कंपनीचं नाव होतं. मी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. सकाळी फाट्यावर गेल्या गेल्या त्यांना सांगितलं, "तुमच्या गोळीनं आईचा ताप उतरला. बरोब्बर चाळीस मिनिटांत!"

त्यांनी नुकताच टोस्ट सोडला होता. घड्याळावरची नजर उचलून ते माझ्याकडं बघायला लागले.

"मिनिटं ऱ्हाऊ द्यात ओ," ते हळू आवाजात म्हणाले. "आई जेवल्या का?"