इंटरनेटच्या बिलातला कर

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी हिशेब सांभाळत होतो, तेव्हा ऑफिसात इंटरनेट आलं आणि त्याच्यामागून एक कटकटही आली. त्याचं बिल देताना कर कापून घ्यायचा की नाही?

ऑडिटर म्हणाले, "ही तांत्रिक सेवा आहे. कापा, नाहीतर आयकरवाले हा खर्चच धरणार नाहीत." मी कापला. चेक हातात पडताच इंटरनेटवाला ऑफिसात हजर.

"पावणं, पैसं कमी का?"

"तांत्रिक सेवेवर कर कापावा लागतो."

"कसली सेवा? आमचं माणूस कवा येतंय का हितं? मशीन आपलं आपण चालतंय की!"

नेट बंद पडलं की हाच गृहस्थ फोनवर शपथेवर सांगायचा, माणूस कधीचा निघालाय.

पुढे ऑडिटर बदलले. नवे म्हणाले, "टेलिफोनसारखीच सोय ही, कापायचं काय कारण?" त्यांच्यानंतरचे पुन्हा म्हणाले, कापा. मी कधी कापत, कधी सोडत, दोन्हीकडची बोलणी खात राहिलो. मालक दर मार्चला विचारायचे, "मग नक्की ठरलं काय?"

त्या एका बिलापायी एवढ्या शहाण्यांनी डोकी खाजवली. माझ्या पगारातून कर कापायचा की नाही, असा प्रश्न मात्र कधीच कुणाला पडला नाही. तो मी माझ्याच हातानं, मुकाट्यानं कापत होतो.