मंगलच्या रक्ताची दुसरी तपासणी

साळवे सर गेल्याचं मला नगरच्या एका प्रसूतिगृहात कळलं. मी वार न्यायला गेलो होतो. सिस्टर म्हणाल्या, "अरे, तू इथं कसा? तुमचे सर सकाळीच गेले ना..." वार वाया जाऊ नये म्हणून ती आधी प्रयोगशाळेत पोचवली, मगच सरांच्या घरी गेलो. सरांनीही तेच केलं असतं.

आमचं काम सांगताना मी अजून अडखळतो. बाळंतपणानंतर टाकून देतात ती वार आम्ही आईला विचारून आणायचो. तिच्यावरचा पातळ पापुद्रा सोडवून, धुऊन गोठवून ठेवायचो. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर तो पसरला की आग शमते, खाली नवी कातडी धरू लागते. तो भाजलेल्यांच्या वॉर्डात द्यायचा की जाळून टाकायचा, हे सर ठरवायचे. मी कर्जत तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. सरांनी मला हाताला धरून शिकवलं. एकदा मी म्हणालो, "सर, यात बहुतेक जंतू नाहीत." ते हसले. "कर्जतकर, बहुतेक हा शब्द जेवताना वापर. भाजीत बहुतेक मीठ कमी आहे. इथं नको."

एड्सचं नाव तेव्हा नुकतंच खेड्यापाड्यांत पोचलं होतं. लागण ताजी असेल तर ती पहिल्या तपासणीत दिसत नाही. म्हणून काही महिन्यांनी आईचं रक्त पुन्हा तपासायचं आणि तोवर पापुद्रा कुलपात, असा सरांचा नियम. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे पत्ता माहेरचा, आणि दुसऱ्या तपासणीच्या वेळी मुलगी सासरी गेलेली. मग सर मला घेऊन दवाखान्याच्या जीपने तिला शोधायला निघत. अशाच एका आईचं, मंगलचं सासर नेवाशाजवळ होतं. जीप दारात थांबली तशी अर्धी आळी गोळा झाली. मंगल बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. सासूने विचारलं, "रगत कशापायी? एकदा दिलं हुतं की." सरांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "काही आजार उशिरा दिसतात, आजी. खात्री करायची, बाकी काही नाही." सासूने मंगलकडे पाहिलं... ती नजर मी विसरलेलो नाही.

रक्त निर्दोष निघालं. तिच्या वारेचा पापुद्रा एका लहान मुलीच्या भाजलेल्या हातावर लावला. हात बरा झाला. सर मात्र तपासणीचा कागद आणि मला घेऊन पुन्हा नेवाशाकडे गेले, कारण मंगलला सासरच्यांनी बाळासकट माहेरी पाठवलं होतं. सासऱ्याने कागद हातात घेतलाच नाही. "साहेब, रगत चांगलं हाय म्हनता. मग तपासाया आला कशाला हुता?" सरांनी खूप समजावलं. तो नुसता मान हलवत राहिला. "तुमाला संशय आला, तवाच तुमी आला. आमी तर अडाणी हाय." परतताना सर जीपमध्ये एवढंच बोलले, "आपण तिला वार मागितली. पुन्हा येऊ, हे सांगितलंच नाही."

त्यानंतर सरांनी पद्धत बदलली. बाळंतपणाआधीच बाईशी एकटीशी बोलायचं, दुसऱ्या तपासणीचं सगळ्यात आधी सांगायचं. नंतर तिने बाळाच्या लसीला येताना रक्त द्यायचं, तिच्या दारात कुणी जायचं नाही. नको म्हणाली तर वारही नको. वार देणाऱ्या बायका कमी झाल्या. वॉर्डातले डॉक्टर चिडत, "साळवे, तुमच्या नियमापायी माझे पेशंट तळमळतायत." सर ऐकून घेत. मंगलच्या माहेरीही ते अधूनमधून जात. ती कधी बाहेर येत नसे.

सर गेल्याचं सांगायला मी गेलो, तेव्हा ती आली. भावाच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "मानूस वाईट नव्हता, दादा. आता बायांना आदी सांगता का?"

"सांगतो. सरांनीच ठरवलं."

"मग बरं हाय," ती म्हणाली. आत जायला वळता वळता म्हणाली, "माझ्यापासून सुरू केलं असतं तर..."



आता बायकांशी बोलायला मी बसतो. सर बसत त्याच स्टुलावर, दार लावून. काल एक बाई दुसऱ्या तपासणीचं ऐकताच उठली. वॉर्डात एक भाजलेलं पोर होतं, कुलपात एकही पापुद्रा नव्हता. तिला आणखी थोडं समजवावं, असं फार वाटलं... मी उठून तिला दार उघडून दिलं.