तलावाच्या तळातलं क्रिकेट

हर्सूल तलावाच्या तळात मी दोन उन्हाळे क्रिकेट खेळलो. लहानपणी जिथं म्हशी मानेपर्यंत बुडून बसलेल्या पाहिल्या होत्या, तिथंच आम्ही स्टंप रोवले होते. स्टंप म्हणजे एक सळई आणि दोन काठ्या. पाऊस सलग दोन वर्षं तोंड फिरवून बसला होता. तलाव आटत आटत डबक्यावर आला आणि एके दिवशी डबकंही गेलं. मागं राहिला काळा, कडक, भेगाळलेला गाळ. एका टोकाला शेतकरी ट्रॅक्टर लावून तो गाळ भरून न्यायचे आणि दुसऱ्या टोकाला आमचा सामना चालायचा. भेगा एवढ्या रुंद की टेनिसचा चेंडू आत जाऊन बसायचा. त्याला आमचा खास नियम होता: चेंडू भेगेत गेला की दोन रन, आणि तो काढायचा फिल्डरनं. एकदा एका भेगेतून विंचू निघाला, तेव्हापासून फिल्डर बुटानंच चेंडू उकरायचे.

आम्ही म्हणजे ब्रेकवाले. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेली पोरं. सलग काम दिलं तर ही पोरं उद्या 'आम्हाला कायम करा' म्हणतील, म्हणून सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक द्यायचा. कधी पंधरा दिवस, कधी महिना. गेटपास जमा करायचा, घरी बसायचं, बोलावणं आलं की परत त्याच मशीनसमोर उभं राहायचं. फक्त नव्या पासवर ठेकेदाराचं नाव दुसरं असायचं. मी बी.एस्सी. झालो होतो, फिजिक्स घेऊन. कारखान्यात माझं काम असं होतं की पट्ट्यावरून आलेला लोखंडी तुकडा मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर हिरव्या पेटीत, नाही बसला तर लाल पेटीत. तीन वर्षं शिकलेल्या फिजिक्सचा त्यात कुठं संबंध आला असेल तर तो मला तरी सापडला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. ब्रेक सगळ्यांनाच मिळायचा. पण बाकीची पोरं ब्रेकमध्ये घरी झोपायची, आईचं बोलणं खायची, एखाद्या लग्नात वाढप्याचं काम करायची. मला ती सोय नव्हती, कारण माझ्या घरी मी परमनंट होतो.

हे असं झालं. माझे बाबा एका सरकारी कॉलेजात शिपाई. त्यांच्या कायम झाल्याची ऑर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत तळाशी ठेवलेली असायची आणि वर्षातून एकदा, भीमजयंतीच्या साफसफाईत, बाहेर निघायची. आमच्या घरात शिक्षण आलं, पक्कं छत आलं, मुकुंदवाडीत स्वतःचा नळ आला, ते सगळं त्या एका कागदामुळं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. माझे पहिले सात महिने भरले त्या दिवशी मी घरी आलो, तोंड उतरलेलं. आईनं विचारलं तर एवढंच म्हणालो की सात महिने पूर्ण झाले. बाबांनी ते ऐकलं. त्यांच्या नोकरीत ठरावीक मुदत भरली की माणूस कायम होतो. मुदत भरली की माणसाला बाहेर काढतात, ही गोष्ट त्यांच्या जगातच नव्हती.

"भरले? म्हंजे झालास की परमनंट," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघूनच गेले. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. अख्ख्या गल्लीत वाटले. विहारात वाटले. त्या संध्याकाळी बाबांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. मला तोंड उघडायला हवं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात त्यात पेढा आला. मी तो खाल्ला. आजही कोणी पेढा पुढं केला की नको म्हणतो, लोकांना वाटतं मला साखरेचा त्रास आहे.

तेव्हापासून प्रत्येक ब्रेकमध्ये मी कामावर जायचो. म्हणजे फिकट निळा युनिफॉर्म घालायचा, जाड टाचांचे कंपनीचे बूट चढवायचे, आईनं दिलेला डबा घ्यायचा आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं. कंपनीची बस आली की बुटाची लेस बांधायला खाली बसायचो. बस गेली की आमचा विकेटकीपर त्याच्या फटफटीवर यायचा. तो रोशनगेटकडचा, माझ्यासारखाच ठेक्यावरचा, बोलणं दखनी. रोज मला लेसशी झटताना बघून विचारायचा, "क्या मियाँ, आज भी ड्यूटी?" आणि आम्ही हर्सूलला जायचो. जाताना जेलची भिंत लागायची. एकदा तो म्हणाला की आतल्यांचं बरं आहे, त्यांना निदान सुटायची तारीख माहीत असते. मी हसलो नाही. मला ते लागलं.

पगाराच्या महिन्यांत ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवायचे आणि ब्रेकमध्ये तेच पगार म्हणून घरी द्यायचे, एवढा बंदोबस्त मी केलेला होता. त्यामुळं ऐन पंचविशीत मौजमजा म्हणून जे असतं ते माझ्या वाट्याला फार चमत्कारिक आलं. काम असायचं तेव्हा रविवारीसुद्धा ओव्हरटाइम, सिनेमाला जायला सवड नाही. ब्रेकमध्ये सवडच सवड, पण खिशातल्या पैशाला हात लावायची चोरी. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. दुपारी ऊन झेपेना झालं की आम्ही जालना रोडवरच्या मॉलमध्ये जाऊन बसायचो, एसीसाठी. युनिफॉर्म अंगात असल्यामुळं तिथल्या वॉचमनला आम्ही काहीतरी दुरुस्तीला आलेलो वाटायचो. सरकत्या जिन्याजवळ बसून डबा खायचो. समोर काचेबाहेर नव्या नव्या इमारतींचे मोठे बोर्ड दिसायचे, 'चोवीस तास पाणी' लिहिलेले. आमच्या नळाला तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी आई एकटी ड्रम, हंडे, बादल्या भरायची, शेजारणीशी भांडायची, कंबर धरून बसायची. मी घरात असतो तर तिचं निम्मं काम हलकं झालं असतं. पण मी ड्यूटीवर होतो. जिन्यावरून वरखाली जाणारी माणसं बघत बसलो होतो. त्या दिवसांतली मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची.

तिसऱ्या ब्रेकमध्ये माझ्यासाठी स्थळ आलं. आईच्या लांबच्या नात्यातले एक मामा मध्यस्थ होते. मुलगी पदवीधर, एका सरकारी आरोग्य कार्यालयात कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम, तेही ठेक्यावर. वडील शिंपी. बाबांनी मुलीचा फोटो बघायच्या आधी विचारलं, मुलाची नोकरी त्यांना कळवलीय का. मामा म्हणाले, परमनंट म्हणल्यावरच तर ते हो म्हणले. रविवार ठरला. रिक्षात बसल्यावर मी विचारलं की जायचं कुठं. मामा म्हणाले, हर्सूलला.  मी मनाची समजूत घातली की हर्सूल मोठं आहे.

पोहे झाले, चहा झाला. मग रीतीप्रमाणं आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. गच्चीवर पाण्याची काळी टाकी, वाळत घातलेली ब्लाउजपीसं, आणि कठड्यापलीकडं, थेट समोर, तलाव. इतका समोर की स्टंपची सळई दिसत होती. पोरं खेळत होती. ती कठड्याला टेकून उभी राहिली. आवाज अगदी साधा, ऑफिसात काहीतरी विचारावं तसा.

"रविवारी सगळेच खेळतेत. मंगळवारी, बुधवारी निळ्या शर्टात खेळतेत ते कोण?"

 मग तिनंच सांगितलं की गेल्या आठवड्यापर्यंत तिलाही ब्रेक होता. त्यांच्याकडं अकरा महिन्यांची ऑर्डर असते, ती संपली की मध्ये खाडा देतात. तो संपेपर्यंत ती घरीच होती, सकाळी कपडे वाळत घालायला यायची तेव्हा आम्ही खेळताना दिसायचो. भेगेतला चेंडू बुटानं उकरणारा एक उंच मुलगा तिच्या लक्षात राहिला होता. फोटो बघितल्यावर तिला शंका आली होती, मी दारात बूट काढले तेव्हा खात्री झाली. बूट मी पुसले होते. शिवणीत बसलेला गाळ पुसून जात नाही.

मी विचारलं, तुम्ही ब्रेकमध्ये घरी बसता तर घरचे काही म्हणत नाहीत का. ती म्हणाली, म्हणतात की. दोन दिवस आई रडली, मग सवय झाली तिला. हे सांगताना ती हसली, आणि मला ती आवडली. फार आवडली. जगात एक माणूस आहे ज्याच्यासमोर मला लेस बांधायला बसावं लागणार नाही, असं वाटलं.

मग ती म्हणाली, "नोकरी कच्ची आहे त्याचं मला काय नाय. माझी पण कच्चीच आहे. पण खाली गेल्यावर तुमच्या बाबांसमोर तुम्ही स्वतः सांगा. मी नाय सांगणार. तुम्ही सांगितलं, तर माझा होकार आहे."

जिना तेरा-चौदा पायऱ्यांचा असेल. त्या उतरताना मी वाक्य जुळवलं होतं. 'बाबा, एक सांगायचं राहिलं,' अशी सुरुवात करायची होती. खाली आलो तर बाबांच्या मांडीवर ती प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी स्वतःची ऑर्डर सोबत आणली होती आणि तिच्या वडिलांना दाखवत होते की आमच्या घराण्यात हे असं आहे, बापाचं सरकारी, लेकाचं कंपनीचं, पण दोघंही पक्के. तिचे वडील कागद आदरानं हातात धरून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, पोराला असली ऑर्डर कंपनीनं दिलीय ना. बाबांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर तेच, पेढ्याच्या दिवशीचं हसू.

"गल्लीभर पेढे वाटलेत मी. व्हय की नाय रे?"

ती दारात ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, बाबांच्या मांडीवरच्या कागदाकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.

ती कप गोळा करून आत गेली. एकही कप वाजला नाही.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. मुलीचा नकार होता. कारण काय, तर मुलगा उंचीनं कमी वाटला. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे. बाबांना काही कळेना. त्यांनी मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलनं खूण केली, टेपनं मोजलं, परत मोजलं. आई म्हणाली, मेलीचे डोळे फुटलेत का. मला मात्र कळत होतं. खरं कारण सांगितलं असतं तर मामांकरवी ते बाबांपर्यंत आलं असतं. तिनं मला झाकलं होतं, आणि त्यासाठी जे खोटं घेतलं ते असं निवडलं होतं की बघणाऱ्याला वाटावं चूक तिचीच आहे. बाबा बरेच दिवस धुमसत राहिले. जेवताना मध्येच म्हणायचे, "पोरगीला लई माज होता. परमनंट पोरगा नाकारती." आणि माझ्याकडं बघायचे.

प्रत्येक वेळी मी मान हलवली. हो, माज होता. एकदा तर तोंडानं म्हणालोसुद्धा.

नकाराच्या दुसऱ्या दिवशी ब्रेकचे अजून नऊ दिवस बाकी होते. आईनं डबा दिला. मी युनिफॉर्म घातला, बूट घातले, थांब्यावर गेलो, बस आल्यावर खाली बसलो. फटफटीवर मागं बसल्यावर मी म्हणालो की आज दुसरीकडं कुठं तरी जाऊ. विकेटकीपरनं विचारलं, कुठं. मी विचार केला. मॉल अकराला उघडायचा. घरी आई होती. गल्लीत सगळ्यांनी माझे पेढे खाल्लेले. मला एकही जागा सुचली नाही, आणि त्यानं गाडी हर्सूलकडं घेतली.

तळात उतरल्यावर मी शर्ट काढून डब्याच्या पिशवीत कोंबला आणि बनियनवर फिल्डिंगला उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. ती होती की तिची आई, एवढ्या लांबून कळेना. तिसऱ्याच चेंडूला फटका माझ्या दिशेनं आला आणि चेंडू भेगेत गेला. सगळे ओरडायला लागले, काढ, काढ. नियमाप्रमाणं तो मलाच काढायचा होता. मी गच्चीकडं पाठ केली, खाली वाकलो आणि बुटानं उकरायला लागलो.