मागांच्या शेडमधली गिटार

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. वडील तरुणपणापासून यंत्रमागावर चादरी विणत होते आणि मी हायस्कुलात जाईपर्यंत त्यांचे कान जवळजवळ गेले होते. घरची भाषा तेलुगू, पण आम्ही ती बोलायचो म्हणजे ओरडायचोच. गाणं म्हणजे काय हे कळायच्या आधी मला ओरडणं येत होतं.

गिटार मिळाली कुर्डुवाडीत. मामा तिथं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याच्या शेजारचं अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून चाललं होतं. सामान बांधताना त्यांच्या म्हाताऱ्यानं ती माझ्या हातात दिली, बोटं धरून दोन-तीन कॉर्ड शिकवल्या आणि हिंदीत म्हणाला, "इतने में जिंदगी निकल जाती है." त्याची निघाली असेल.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर लागलो आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागलो. सिनेमाची गाणी, कोपऱ्यात उभं राहून, मालक खुणावेल तेवढीच. सत्तरच्या दशकातली ती वर्षं वाईट होती. कधी वीज नसायची, कधी सूत. सायकल मारत शेडवर जायचं आणि कुलूप बघून परत यायचं. घरी आई चेहऱ्याकडे बघून समजायची आणि चूल पेटवायची घाई करायची नाही.

अशाच एका उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या मागावरच्या माणसानं विहीर जवळ केली. लेकरंबाळं होती त्याला. दुसऱ्या दिवशी वीज आली, शेड सुरू झाली, आणि त्याच्या मागावर दुसरा माणूस उभा होता. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी त्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार? त्या दिवशी माग चालवता चालवताच माझ्या तोंडून ओळी निघाल्या:

सूत तुटलं, जोडतो,
माणूस तुटला, सोडतो,
खटखट, खटखट, मालक,
ऐकू येतंय का?

लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा एक लहानपणचा दोस्त होता. त्याला मी ते म्हणून दाखवलं. चाल अशी काही नव्हतीच.

"ये गाना हाय की झगडा?" त्यानं विचारलं.

"झगडाच."

"फिर ठीक हाय," म्हणाला आणि काड्या काढल्या.

सूत नाही म्हणून शेड बंद असलेल्या दिवशी रखवालदाराची विनवणी करून आम्ही आत शिरायचो आणि गप्प पडलेल्या मागांच्या मधे वाजवायचो. लाऊडस्पीकरच्या दुकानातला एक मोडका अँप्लिफायर मी दुरुस्त करून घेतला होता. तो गिटारचा आवाज फाडून बाहेर टाकायचा. तसाच मला हवा होता.

पुढं पुण्यात शिकणारा माझा चुलतभाऊ सुट्टीला आला, तो एक कॅसेट घेऊन. "ऐक बे," तो म्हणाला, "इंग्लंडातली पोरं तुझ्यासारखीच बेसूर बोंबलायलेत की. पंक म्हणतात ह्याला." एक शब्द कळला नाही, पण राग कळला. माझा दोस्त टेपरेकॉर्डरला कान लावून बसला होता. कॅसेट संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "इनके बी कारखाने बंद पडे क्या?"

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीत आम्हाला बोलावलं. संध्याकाळची आरती झाली, बायका-पोरं पुढं बसली. वडील मुद्दाम कर्ण्याच्या अगदी खाली जाऊन बसले होते, मुलगा वाजवणार म्हणून धुतलेला सदरा घालून. दोन सिनेमाची गाणी झाली, टाळ्या पडल्या. मग मी दोस्ताकडे बघितलं आणि आम्ही आमचं सुरू केलं.

मागं उभे असलेले कामगार पुढं सरकले. त्यातला एक जण माझ्याबरोबर ओरडायला लागला, मग आणखी काही. पण पहिल्या रांगेत वर्गणी देणारे शेडमालक बसले होते. मंडळाचा अध्यक्ष धावत आला. "बंद कर! गणपतीसमोर हे काय लावलंय?" मी थांबलो नाही. त्यानं वायरच उपटली.

आवाज एकदम मेला. आणि त्या शांततेत वडील उठून उभे राहिले. कर्ण्याखाली बसल्यावर त्यांना कितीतरी वर्षांनी काहीतरी ऐकू येत होतं. ते तुटलं, तेव्हा त्यांना वाटलं की उरलेसुरले कानही गेले. दोन्ही हातांनी कान चोळत ते ओरडू लागले, "इनपडत लेदु! इनपडत लेदु!" ऐकू येत नाही, ऐकू येत नाही. लोक हसले. त्यांना तो गाण्याचाच भाग वाटला. मी स्टेजवरून उडी मारून त्यांना धरलं, तर ते मला ढकलून पुन्हा कर्ण्याकडे जाऊ लागले. कर्ण्याच्या खांबाला त्यांनी मिठी मारली. मी त्यांचे हात सोडवले आणि त्यांना घरी नेलं.

ऑर्केस्ट्राच्या मालकानं मला पुन्हा बोलावलं नाही. आम्ही दोघांनी तरी सोडलं नाही. बंद शेडच्या फाटकासमोर वाजवलं, कुंभारीत कामगारांच्या वस्तीवर वाजवलं. कुणी चहा पाजला, कुणी दगड मारला. मग दोस्ताचं लग्न ठरलं. तो आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. "मेरे कू घर चलाना हाय रे," म्हणाला. तो बँडची लाल टोपी घालून वरातीत परत गेला.

एकटा वाजवताना माझ्या लक्षात आलं की बारीक तारा मला नीट लागत नाहीत. कानात सतत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "हा आवाज सोडा."

"कुठला? मागाचा की गिटारचा?"

"दोन्ही."

वडील तोवर अंथरुणाला खिळले होते. माग सोडणं शक्यच नव्हतं.

मग मी गिटारचं लाकूड दातांत धरून तारा लावायला लागलो. दातांतून सूर हाडात उतरायचा, कानांपेक्षा स्पष्ट. काही महिने तेवढ्यावर काढले. एकदा आई दारात उभी राहून बघत होती. मी लाकूड चावतोय आणि डोळ्यांतून पाणी गळतंय, हे बघून ती पदर तोंडाला लावून आत गेली.

वडील पावसाळ्याच्या तोंडाशी गेले. त्यानंतर मी गिटार भिंतीला टांगली, आणि दिवाळीआधी घर सारवताना ती माळ्यावर गेली. मी टॉवेल विणत राहिलो. पुढं माझंही लग्न झालं, मुलं झाली. मुलांशी बायको बोलायची, मी त्यांच्या ओठांकडे बघत बसायचो.