ब्राझीलच्या रेकॉर्डवर माझ्या प्लेअरचा वेग

मंडळी, ब्राझीलच्या जुन्या हार्डकोर पंक बँडची नव्याने काढलेली रेकॉर्ड आज रत्नागिरीत पोचली. आत छापलंय, मूळ प्रत आपल्याच ग्रुपमधल्या पुण्याच्या महाशयांची.

पहिलं गाणं घड्याळ लावून ऐकलं. माझ्या मूळ प्रतीवर ७५ सेकंद, इथे ७२. तबकडी फिरवणारा रबरी पट्टा बदलण्याआधी माझा प्लेअर नेमका असाच जलद पळायचा. तेव्हा माझ्या प्रतीवरून केलेली गाण्यांची फाइल मी फक्त या महाशयांनाच दिली होती.

त्यांना फोन केला. "अहो काका, पंक आहे, जलदच असणार."

"मूळ प्रत तुमच्याकडे असती, तर ताडून बघितली असतीत."

फोन कट.

योग्य वेगाची फाइल आणि मूळ प्रतीचे फोटो मी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला पाठवलेत. सोबत लिहिलं, माझं नाव नाही घातलंत तरी चालेल, त्यांचं काढा.

ते हे वाचतायत. त्यांच्या संग्रहात आणखी कोणाकोणाच्या फाइली आहेत?