आवाज किती करतो?

"आवाज किती करतो?"

दुकानात कुठलंही मशीन बघितलं की त्याचा पहिला प्रश्न हा. वाफ घ्यायचं असो, रक्तदाब मोजायचं असो, तो ते चालू करायला लावायचा, उचलून कानाशी धरायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. मागे गिऱ्हाइकं ताटकळली तरी त्याला पत्ता नसायचा.

भाईंदरला केबिन रोडच्या आतल्या गल्लीत माझं सर्जिकलचं दुकान होतं. वॉकर, कमरेचे पट्टे, गरम पाण्याच्या पिशव्या, असला माल. त्याआधी मी बरीच वर्षं एका प्रसूतिगृहात नर्स होते. त्यामुळे गिऱ्हाईक चाचरायला लागलं की मला वैताग येतो. माणसाच्या शरीरात लाजण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तो बोरिवलीला एका पतपेढीत क्लार्क होता. चाळिशीला टेकलेला, डोक्याला चापून तेल. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मिसेसचं अंग दुखतं. मसाजर दाखवा."

मी दोन मुठींचा मोठा मसाजर काढला. चालू केल्याबरोबर काउंटरवरची पावतीबुकं नाचायला लागली. तो दचकून मागे सरला.

"नको नको ताई. हे बघून ती माहेरी पळेल."

मग दर शनिवारी त्याची फेरी ठरलेली. काळा नको. रबराचा वास येतो तो नको. इंजेक्शनसारखा दिसतो तो तर नकोच. वायरचाही नको, कारण घरात मोकळा प्लग एकच, तोही ओट्यावरचा मिक्सरचा. शिवाय त्या वर्षांत भाईंदरला लोडशेडिंग इतकं, की लाइटचा भरवसा कोण देणार? म्हणून सेलवर चालणारा हवा. शेवटी मी त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "आता खरं सांगा. अंगदुखी कसली?"

मग बोलला.

तिचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्याने तिला मारलं होतं आणि मारून जवळ घेतलं होतं. "माझ्याशी चांगली वागते हो. डबा देते, हसतेपण. पण हात लावला की दगड होते. मी हात काढून घेतो, तर रडते, सॉरी बोलते. सॉरी कशाला बोलायचं तिने?" एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं, की घाई करू नका. तिचं शरीर आधी तिचं तिला कळू द्या, सुख कशात वाटतं ते तिला शोधू द्या. त्यासाठी छोटं मशीन मिळतं, ते आणा. "आणि बटण तिच्या हातात पाहिजे, असं बोलल्या. तिला वाटेल तेव्हा बंद करता आलं पाहिजे."

बटण तिच्या हातात. हे तो मला पुन्हा पुन्हा ऐकवायचा, जणू मीच विसरणार होते.

आवाजाचं कारण साधं होतं. घर वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत आई-वडील, स्वयंपाकघरात हे दोघं, मधल्या दाराला कडी नाही. आईचे गुडघे गेले होते, पण कान शाबूत. "कुकरची शिटी व्हायच्या आधीच तिला कळतं," तो म्हणायचा.

त्या काळी असल्या वस्तू 'चेहऱ्याचा मसाजर' म्हणून यायच्या, आणि घेणारे-विकणारे दोघंही शेवटपर्यंत चेहऱ्याबद्दलच बोलायचे. घाऊक बाजारातून मी त्याच्यासाठी चार नमुने मागवले. तो एकेक कानाशी धरायला लागला तेव्हा मात्र मी चिडले. "वापरायचा तिने आणि पसंत तुम्ही करणार? घेऊन या तिला."

आली. पण बाहेर बांगड्यांच्या गाडीपाशीच उभी राहिली. मी त्याला चहा प्यायला पिटाळलं आणि तिला आत बोलावलं. तिने सगळ्यात लहान, फिका निळा होता तो उचलला, तळहातावर ठेवला आणि बटण दाबलं. बंद केलं. परत चालू, परत बंद.

"लगेच बंद होतं," ती म्हणाली, आणि हसली.

मी पाठ फिरवून पट्ट्यांचे खोके लावायला घेतले, कारण मला रडू आलं होतं.

चहा पिऊन आल्यावर त्याने तो कानाशी धरलाच. डोक्यावर पंखा घरघरत होता, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. "काहीच ऐकू येत नाही!" तो म्हणाला. इतकं खूश झालेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

पुढे एकदा तो सेल मागायला आला. मी सेल ठेवत नाही हे त्याला माहीत होतं.

"काल तिने आपणहून माझा हात धरला ताई. बस, एवढंच." एवढंच सांगायला तो स्टेशनवरून उलटा चालत आला होता.

पुढचं त्याने त्याच स्टुलावर बसून सांगितलं.

रविवारची दुपार. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लागलेला, पंखे फिरत होते. लाइट जायची वेळ नव्हती. ते वेळापत्रक त्याला पाठ होतं. तरी गेली. टीव्ही बंद, पंखे बंद, शेजारच्यांचंही सगळं बंद. अख्खी बिल्डिंग मुकी झाली आणि तो सेलवरचा मसाजर तेवढा चालू राहिला. तिने लगेच बंद केला. पण तेवढ्यात आई दार ढकलून उभी होती.

"काय वाजत होतं रे?"

"तिचं आहे," तो म्हणाला.

"खोटं नाही बोललो ताई. तिच्यासाठीच आणला होता. पण मी आणलंय, माझं आहे, एवढं तोंडातून निघालं नाही. आई तिच्याकडे बघत होती आणि ती माझ्याकडे."

मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. हातून दोन्ही झालं नाही. मी नुसतं पाणी दिलं.

आईने त्याच संध्याकाळी सुनेच्या भावाला बोलावलं आणि तो तिला घेऊन गेला. आई काय काय बोलली ते त्याला सांगवेना. तो काशीगावला भावाच्या घरी खेटे घालत राहिला. एकदाच ती दारात आली. ओरडली नाही, रडली नाही.

"पहिल्याचं कळायचं तरी, आता मारणार ते," ती म्हणाली. "तुमचं कळलंच नाही."

दार लागलं ते लागलंच.

शेवटचा तो आला तो आईसाठी रक्तदाबाचं मशीन घ्यायला. अंगाने निम्मा झाला होता, डोक्याला तेल नव्हतं. सवयीने मी मशीन चालू करून त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पुढे केला नाही.

"आवाज ऐकून घ्या," मी म्हटलं.

"करू दे कितीही," तो म्हणाला. "आमच्या घरात आता कोण बोलत नाय."

मशीन घरघरत होतं. ते बंद करायचंही मला सुचलं नाही.